पगार बाहेरगावचा, भाडं लिस्बनचं

लिस्बनमध्ये कॉफी स्वस्त आहे, हे तिथे राहणारा कुणीही तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. आणि खोटं सांगत नाही. वस्तीतल्या साध्या कॅफेत काउंटरपाशी उभं राहून घेतलेली छोटी कडक कॉफी, म्हणजे तिथली 'बीका', अजूनही एका युरोच्या आतबाहेर मिळते. काचेच्या कपाटातली पाश्तेल द नाता ही पेस्ट्री सोबत घेतली तर आणखी सव्वा-दीड युरो. लंडन नाहीतर अ‍ॅमस्टरडॅममध्ये तीन-चार युरोंची कॉफी प्यायलेला माणूस हे बिल बघून खूश होतो आणि घरच्यांना कळवतो, शहर स्वस्त आहे. पण रोज दोन कॉफ्या रिचवल्या तरी महिन्याचे होतात साठ-सत्तर युरो. त्याच कॅफेच्या वरच्या मजल्यावर एका बेडरूमचं घर घ्यायला गेलात तर भाडं बाराशे ते पंधराशे. लिस्बनच्या जमाखर्चाला कॉफीपासून सुरुवात केली की पुढचं सगळं गणित फसतं. सुरुवात घरापासून करायची, आणि खरं सांगायचं तर शेवटही तिथेच होतो.

घराची जाहिरात आधी वाचता आली पाहिजे. तिथे वन बीएचके म्हणत नाहीत. टी-झिरो, टी-वन, टी-टू म्हणतात. टी-झिरो म्हणजे एकाच खोलीत सगळं, टी-वन म्हणजे एक झोपायची खोली आणि बाहेर बैठक. जुन्या वस्त्यांत 'चौथा मजला' हे शब्द दिसले की लिफ्टचा उल्लेख शोधायचा. तो नसेल तर लिफ्ट नाही. लाकडी, अरुंद, नागमोडी जिना आहे, आणि भाजीच्या पिशव्या हातात घेऊन तो रोज चढायचा आहे. अरोयुश, आंझुश, ग्रासा, पेन्या द फ्रान्सा या चढउतारांच्या वस्त्यांत बाहेरून आलेली तरुण मंडळी घरं शोधतात. कांपु द ओरीक किंवा आल्व्हालाद म्हणजे जरा प्रशस्त, घरंदाज भाग. तिथे भाडंही तसंच. एकट्या माणसाला दुसऱ्यांबरोबर घर वाटून घ्यायची तयारी असेल तर एक खोली पाचशे ते साडेसहाशेला मिळते. खिडकी आहे का, हे मात्र विचारून घ्यावं. आतल्या चौकाकडे सुद्धा न उघडणाऱ्या खोल्या भाड्याने जातात.

भाडं ठरलं तरी किल्ली हातात पडत नाही. आधी करक्रमांक लागतो, तो 'निफ'. मग 'फियादोर', म्हणजे तुमचं भाडं थकलं तर मी भरीन असं लिहून देणारा स्थानिक जामीनदार. नाशिकहून किंवा नायजेरियाहून आलेल्या माणसाला असा जामीनदार कुठून मिळणार? तो नसला की घरमालक अनामत आणि आगाऊ भाडं वाढवून मागतो. त्यामुळे पहिल्या महिन्याचा खर्च हा बाकीच्या अकरा महिन्यांसारखा कधीच नसतो. चार-पाच हजार युरो एका दिवसात खात्यातून जातात. महिन्याचा सरासरी खर्च म्हणून जे आकडे सर्वत्र फिरत असतात, त्यांत हा दिवस धरलेलाच नसतो.

पोर्तुगालने घरबसल्या परदेशी कंपनीचं काम करणाऱ्यांसाठी ३० ऑक्टोबर २०२२ पासून वेगळा व्हिसा सुरू केला. डी-८ हे त्याचं नाव. अट साधी आहे: तुमचं मासिक उत्पन्न पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या चौपट हवं, आणि ते पोर्तुगालबाहेरून यायला हवं. २०२२ मध्ये किमान वेतन ७०५ युरो होतं, म्हणजे चौपट २८२०. २०२५ मध्ये ते ८७० झालं, म्हणजे ३४८०. युरो शंभर रुपयांच्या पुढे गेलेला आहे; महिना साडेतीन लाखांच्या वर कमाई दाखवता आली तर दार उघडतं. शिवाय वर्षभराच्या किमान वेतनाइतकी शिल्लक बँकेत दाखवावी लागते.

या अटीकडे दोन्ही बाजूंनी बघावं. अर्जदाराला ती पात्रतेची पायरी वाटते. पण सरकारनेच इथे कागदावर लिहून दिलं आहे की या शहरात पाहुणा म्हणून येणाऱ्याची कमाई इथल्या तळच्या कामगाराच्या किमान चौपट असली पाहिजे. आणि मग दोघांनाही एकाच बाजारात घर शोधायला सोडलं आहे.

जिच्या वहीवरून मी हा हिशेब समजून घेतला ती मूळची नाशिकची. लंडनच्या एका कंपनीसाठी डिझाइनचं काम करते, २०२३ च्या सुरुवातीला लिस्बनला आली, पेन्या द फ्रान्सात टी-वनमध्ये राहते. वही म्हणजे अर्थात एक्सेलची फाइल, पण शिस्त आजीच्या किराणा वहीची. भाडं ११५०. वीज, पाणी, गॅस मिळून ९५. इंटरनेट आणि फोन ३०. किराणा-भाजी २४०. बाहेरचं खाणं १८०. प्रवासाचा पास ४०. काम करायला भाड्याचं टेबल १४०. आरोग्य विमा ४५. हिशेबनीस ४०. बेरीज १९६०. कपडे, विमानाची तिकिटं, आईला पाठवलेले पैसे आणि दात दुखला तर दंतवैद्य, हे सगळं याच्या बाहेर.

"काका, हे बघून सगळे म्हणतात, अगं मग तुझे दोन हजार उरतात की," ती म्हणाली. कंपनीला तिचं बिल महिन्याला ३९०० युरोंचं असतं. "उरतात कुठले? तुम्ही खालची ओळ वाचलीच नाहीत."

खालची ओळ कराची आहे. तिच्याकडे येणार आहेच.

त्याआधी भाडं इतकं का, ते. मराठी वाचकाला हे समजायला फार लांब जायला नको, गिरगावात जाऊन यावं. मुंबईत १९४७ च्या कायद्याने भाडी गोठवली. लिस्बन आणि पोर्तु या दोन शहरांत हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने १९४८ मध्ये तेच केलं. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर ही गोठवणूक देशभर पसरली. परिणामही तेच. भाडेकरू पिढ्यानपिढ्या नाममात्र भाड्यात राहिले, मालकाला छप्पर शाकारायला परवडेना, पावसाळ्यात भिंती पडू लागल्या. निळ्या-पांढऱ्या फरशांच्या देखण्या दर्शनी भिंतीमागे पोकळ झालेल्या इमारती मध्यवस्तीत जागोजागी होत्या. माणसं उपनगरांत निघून गेली. १९८१ मध्ये लिस्बन महापालिकेच्या हद्दीत आठ लाखांवर लोक राहत होते. २०२१ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्याही थोडे आतच उरले. महानगराचा पसारा मात्र अठ्ठावीस लाखांच्या पुढे गेला.

मुंबईत तो कायदा पागडीच्या रूपाने अजून लोंबकळतो आहे. लिस्बनमध्ये तो तुटला, आणि तुटला तो देश कर्जबाजारी असताना. २०११ मध्ये पोर्तुगालने ७८ अब्ज युरोंचं मदतकर्ज घेतलं. कर्ज देणाऱ्यांच्या अटींत भाड्याचा बाजार मोकळा करणं होतं. २०१२ च्या कायद्याने ते झालं. तेव्हाच्या मंत्री असुंसांव क्रिश्ताश यांच्या नावाने लोक अजून त्या कायद्याचा उद्धार करतात. त्याच वर्षी 'गोल्डन व्हिसा' आला: पाच लाख युरोंचं घर घ्या, राहण्याचा परवाना मिळवा. २००९ पासून बाहेरून येऊन राहणाऱ्या ठरावीक व्यवसायांतल्या लोकांना दहा वर्षं सरसकट २० टक्के कराची सवलत होतीच. २०१४ मध्ये घरं पर्यटकांना रोजाने देण्याची नोंदणी सोपी झाली. २०१६ पासून वेब समिट हा तंत्रज्ञानाचा जंगी मेळा डब्लिन सोडून लिस्बनला भरू लागला. एकेक निर्णय सुटा बघितला तर त्यात गैर काही वाटत नाही. बुडत्या देशाला पैसा हवा होता. पण सगळे एकाच साडेपाच लाख वस्तीच्या शहरावर, एकाच दशकात येऊन पडले. पडक्या इमारती झळकल्या, हे खरं. अल्फामाच्या ज्या गल्लीत दोरीवर धुणं वाळत असे तिथे दारादारांवर आकड्यांची कुलुपं आली, हेही खरं.

महापालिकेने २०१८ च्या अखेरीस अल्फामा, मोरारिया, बाइरु आल्तु अशा भागांत पर्यटक-घरांची नवी नोंदणी थांबवली. २०२३ मध्ये 'राहायला घर' या मागणीसाठी एप्रिलात आणि पुन्हा सप्टेंबरात मोठे मोर्चे निघाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात घरखरेदीवरचा गोल्डन व्हिसा बंद झाला, आणि पंतप्रधान अंतोनियो कॉस्टा यांनी परकीयांची करसवलतही नव्यांसाठी संपवत असल्याचं जाहीर केलं. ती चालू ठेवणं अन्यायाचं आहे आणि तिने घरांचे भाव फुगतात, असा त्यांचा सूर होता. हे कॉस्टा म्हणजे लेखक ऑर्लांदो द कॉस्टा यांचे चिरंजीव, मडगावच्या घराण्यातले, घरच्यांचे 'बाबुश'. डी-८ व्हिसा त्यांच्याच सरकारच्या काळातला, हे जाता जाता लक्षात ठेवायला हरकत नाही. एका हाताने दार उघडलं आणि दुसऱ्या हाताने पायपुसणं काढून घेतलं.

आता या साऱ्यात लॅपटॉपवाल्याचा दोष किती? मला वाटतं, त्याच्या वाट्याला शिव्या जरा जास्तच येतात. पर्यटक आठवड्यात निघून जातो, गुंतवणूकदार दिसतच नाही; हा मात्र रोज कॅफेत कानाला डबडी लावून बसलेला दिसतो. गर्दीच्या गाडीत शेवटी चढलेला माणूस सगळ्यांच्या डोळ्यावर येतो, तसं आहे. पण म्हणून तो निर्दोष ठरत नाही. पोर्तुगालमध्ये नोकरदाराचं सरासरी ढोबळ वेतन २०२४ मध्ये महिना सोळाशे युरोंच्या आसपास होतं. बाराशे-पंधराशेच्या घराला त्या पगाराचा शिक्षक किंवा नर्स हात लावू शकत नाही, डी-८ वाला लावू शकतो, आणि घरमालकाला हे ठाऊक असतं. भाव चढवायला वाईट हेतू लागत नाही, खिसा पुरतो.

स्वयंपाकघराकडे वळू, कारण लिस्बनमध्ये राहण्याचं सुख तिथे आहे. पिंगु दोस, कोंतिनेंत, लिड्ल अशी दुकानं हाकेच्या अंतरावर असतात. दूध लिटरला नव्वद सेंटच्या आसपास, तांदूळ सव्वा-दीड युरो किलो, अंडी डझनाला अडीच-तीन. मोसमातली संत्री, टोमॅटो, कोबी आपल्याकडच्या शहरी भावांच्या फार वर नाहीत. ऑलिव्ह तेलाने मात्र दोन वर्षं सगळ्यांना रडवलं. स्पेनमधल्या दुष्काळानंतर २०२४ मध्ये लिटरची बाटली नऊ-दहा युरोंवर गेली होती आणि दुकानांनी दारूच्या बाटलीसारखं तिला चोरीविरोधी टोपण लावलं होतं. महागाईचा भडका उडाला तेव्हा सरकारने एप्रिल २०२३ पासून ४६ जिन्नसांवरचा मूल्यवर्धित कर शून्यावर आणला, आणि जानेवारी २०२४ मध्ये तो परत लावला. एरवी जीवनावश्यक अन्नावर हा कर ६ टक्के, हॉटेलातल्या जेवणावर १३ आणि बहुतेक बाकी सगळ्यावर २३.

तूरडाळ, हिंग, पोहे यांसाठी मार्तिम मोनीझला जायचं. अठ्ठावीस नंबरची ट्राम जिथून सुटते तो हा चौक. पर्यटक तिथे ट्रामसाठी रांग लावतात आणि मागच्या बाजूला बेंफोर्मोझु रस्त्यावर बांगलादेशी, नेपाळी, पंजाबी, गुजराती दुकानांची ओळ आहे. डाळ तीनेक युरो किलो. कढीपत्ता येतो त्या दिवशी बातमी फिरते. डिसेंबर २०२४ मध्ये याच रस्त्यावर पोलिसांनी झडतीसाठी माणसांना भिंतीकडे तोंड करून ओळीने उभं केलं, त्याची छायाचित्रं देशभर गाजली. परदेशी माणसांत प्रतवारी असते, हे त्या भिंतीपाशी उभं राहिलं की कळतं. डी-८ वाला तिथे डाळ घ्यायला येतो. त्याला जेवण पोचवणारा, साध्या जॅकेटात थंडीत सायकल हाकणारा, बहुधा तिथेच एका खोलीत सहा-सात जणांत राहतो, आणि तोही याच भाडेबाजारातला गिऱ्हाईक आहे. त्या खाटेचा दर कुणाच्याच सरासरीत येत नाही.

बाहेर जेवायचं तर 'ताश्का' गाठावी. ताश्का म्हणजे आपली खानावळ: कागदाचं टेबलपोश, भिंतीवर फुटबॉलचे स्कार्फ, आणि 'आजचं ताट' नऊ ते बारा युरोंत, त्यात सूप, मासा किंवा मांस, कधी कॉफीसुद्धा. नाशिककर मला अशाच एका ठिकाणी घेऊन गेली. बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्हं, छोटं चीज आणि सार्डिनची पेस्ट समोर आली. मी ऑलिव्हाकडे हात नेला तशी ती म्हणाली, "खा, पण फुकट नाही हं ते." हे 'कुवेर्त'. हात लावला तर पैसे, नाही लावला तर कायद्याने आकारता येत नाही. तिने चीज आणि पेस्ट वेटरला परत दिली, पाव ठेवला. वेटरने हसून उचललं, रोजचंच होतं. बिलावर पावाची वेगळी ओळ आली, ऑलिव्हांची वेगळी. मी चार खाल्ली होती.

शाकाहाऱ्याचे थोडे हाल होतात, पण उपाशी कुणी राहत नाही. कुठल्याही कॅफेच्या काउंटरवर, नाताच्या शेजारी, तळलेला त्रिकोण दिसेल, तो 'शामुसा'. गोवा आणि मोझांबिक अशा दोन वाटांनी आलेला हा समोसा पोर्तुगीजांनी इतका आपलासा केला आहे की तो भारतीय आहे हे सांगावं लागतं. आत बहुधा खिमा असतो, विचारून घ्यावा. लुमियारला मोझांबिकहून आलेल्या गुजराती कुटुंबांनी उभं केलेलं राधाकृष्ण मंदिर आहे. आठवड्यातून एकदा वरणभात पोटात पडावा असं वाटणारे तिकडे वळतात.

प्रवास ही लिस्बनची खरी स्वस्ताई. एप्रिल २०१९ पासून पालिकेच्या हद्दीत ३० आणि सबंध महानगरात ४० युरोंचा मासिक पास आहे: मेट्रो, बस, ट्राम, लोकल, नदीवरच्या बोटी, सगळं त्यात. यावर अधिक लिहायचं कारण नाही. चांगलं चाललेलं आहे. इंटरनेटचंही तसंच. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिजी ही रुमानियन कंपनी बाजारात उतरली आणि जुन्या कंपन्यांचे दोन-दोन वर्षांचे करार अचानक महाग वाटू लागले. फक्त २८ एप्रिल २०२५ विसरू नये. त्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास स्पेन-पोर्तुगालची वीज एकदम गेली ती लिस्बनमध्ये रात्रीपर्यंत आली नाही. मेट्रो थांबली, एटीएम बंद, फोनचे टॉवर एकेक करून मुके झाले. ज्यांचं पोट तारेवर चालतं त्यांनी ट्रान्झिस्टर शोधले. नाशिककरच्या लंडनच्या साहेबाला ती दुपारच्या बैठकीत का नाही, हे टीव्हीवरून कळलं.

आणि हिवाळा. युरोपातलं ऊन असलेलं शहर म्हणून लोक लिस्बनला येतात, आणि जानेवारीत घरात टोपी घालून बसतात. बाहेर तेरा-चौदा अंश, घरात त्याहून कमी वाटावं इतकी ओल. जुन्या घरांत सेंट्रल हीटिंग नाही, एकेरी काच, भिंती दगडाच्या. नोव्हेंबरात कपाटामागे काळी बुरशी धरते आणि चामड्याच्या चपलांवर पांढरी. नाशिककरच्या घरात ओल ओढणारं यंत्र आहे, बादलीएवढं. रोज सकाळी ती त्याची टाकी काढून मोरीत ओतते, दीड-दोन लिटर पाणी, झोपायच्या खोलीतल्या हवेतून निघालेलं. ते यंत्र आणि छोटा हीटर मिळून हिवाळ्याचं विजेचं बिल उन्हाळ्याच्या दुप्पट होतं. ९५ हा आकडा वर्षाच्या सरासरीचा आहे. तिच्या इमारतीत गॅसची पाइपलाइन नाही. केशरी टाकी येते, १३ किलोची, तीस युरोंच्या वर, आणि ती खांद्यावरून वर आणून देणाऱ्याला वर काहीतरी द्यावंच लागतं. नाशिकमध्ये सिलिंडरचा नंबर लावणारी मुलगी लिस्बनमध्येही सिलिंडरचाच नंबर लावते, याचं तिच्या आईला फार हसू येतं.

आता ती खालची ओळ.

वर्षात १८३ दिवस राहिलात की तुम्ही पोर्तुगालचे करदाते झालात. कंपनीची शाखा तिथे नसेल तर बहुतेक जण स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नोंदणी करतात आणि 'हिरव्या पावत्या' फाडतात. पावत्या आता ऑनलाइन निघतात, नाव जुनंच. सामाजिक सुरक्षेची वर्गणी उत्पन्नाच्या ७० टक्क्यांवर २१.४ टक्के, म्हणजे एकूण बिलाच्या जवळजवळ १५ टक्के. पहिले बारा महिने ती माफ असते. प्राप्तिकर सेवाक्षेत्रात उत्पन्नाच्या ७५ टक्क्यांवर धरतात, तोही चढत्या दराने, सर्वांत वर ४८ टक्के. पण अटींत बसलात तर पहिल्या वर्षी करपात्र भाग निम्म्यावर येतो, दुसऱ्या वर्षी पाऊण.

या सवलतींनी सगळी गंमत केली आहे. ३९०० युरोंच्या बिलावर ढोबळ हिशेब केला तर पहिल्या वर्षी कर जाऊन हातात साडेतीन हजारांच्या वर राहतात. १९६० चा खर्च वजा जाता सोळा-सतराशे शिल्लक. तिसऱ्या वर्षी तेच बिल, तोच खर्च, आणि शिल्लक साडेसहाशे-सातशेच्या घरात. ज्यांनी उत्साहाने घरी, मित्रांना, जगाला सांगितलं की लिस्बनमध्ये इतक्यात भागतं, ते बहुतेक पहिल्या वर्षातले असतात. तिसऱ्या वर्षात माणूस सांगत बसत नाही. तो हिशेबनीसाला फोन करतो.

जुनी २० टक्क्यांची सवलत २०२४ पासून नव्यांना नाही. तिच्या जागी आलेली योजना संशोधन आणि ठरावीक उद्योगांपुरती आहे. आणि ज्याला कंपनी भारतातूनच पगार देते, त्याने तर दोन्हीकडच्या करसल्लागारांशी बोलल्याशिवाय बॅग भरू नये. भारत-पोर्तुगालमध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण करार असणं आणि आपला परतावा वेळेवर हाती पडणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

कागदपत्रांत जाणारा वेळही खर्चच. जुनं स्थलांतर खातं मोडून २९ ऑक्टोबर २०२३ ला 'आयमा' नावाची नवी संस्था उभी राहिली, आणि सुमारे चार लाख प्रलंबित प्रकरणं तिला आंदण मिळाली. परवान्याचं कार्ड संपलेलं, नवं आलेलं नाही, अशा अवस्थेत लोक महिनोन्‌महिने राहिले. देशाबाहेर पाऊल टाकावं तर परत घेतील का, ही धाकधूक. नाशिककरने या भीतीपायी सख्ख्या भावाचं लग्न व्हिडिओवर पाहिलं. पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो हे मोठं आकर्षण होतं. ती मुदत दहा वर्षांवर न्यायचा प्रस्ताव २०२५ मध्ये संसदेपुढे आला आणि पुष्कळांचं चित्त विचलित झालं.

या रांगेत गोवेकर दिसत नाहीत, याचं कारण वेगळं आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. साष्टीतल्या किंवा बार्देशातल्या माणसाला साडेतीन हजार युरोंचं उत्पन्न दाखवायला नको. पण भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो, ही किंमत मोठी. आणि एवढं करून लिस्बनला राहतं कोण? कागद लिस्बनचा घेऊन माणसं वर्षानुवर्षं गेली ती इंग्लंडला, स्विंडनच्या गोदामांत आणि कारखान्यांत. कारण साधं होतं: लिस्बनच्या पगारात लिस्बनला राहणं परवडत नाही, हे गोवेकराने पोर्तुगीज तरुणाइतकंच लवकर ओळखलं. पोर्तुगीज तरुणही तेच करत आले आहेत. देश त्यांना शिकवतो आणि लक्झेंबर्ग, झुरिच त्यांना पगार देतं.

किमान वेतनावर काम करणाऱ्याला तिथे वर्षात चौदा पगार मिळतात, उन्हाळ्यात एक आणि नाताळात एक जादा. २०२५ च्या ८७० चे चौदा हप्ते बारा महिन्यांत वाटले तर महिना १०१५ ढोबळ होतात. ताश्कातल्या त्या वेटरला, भाड्याच्या टेबलांच्या जागेत संध्याकाळी फरशी पुसणाऱ्या बाईंना, केशरी टाकी चढवणाऱ्याला साधारण एवढंच किंवा थोडं वर. त्यांतला कुणी पेन्या द फ्रान्सात राहत असेल तर तो जुन्या भाडेकरारावर, नाहीतर आईच्या घरात. बाकीचे आमादोरा, ओदिवेलाश, सिंत्रा मार्गावरच्या इमारतींतून पहाटेच्या लोकलने किंवा मेट्रोने येतात. चाळीस युरोंचा पास हा त्यांच्यासाठी काढला होता आणि तो नसता तर हे शहर सकाळी उघडलंच नसतं.

सरकार, मालक आणि कामगार संघटनांत ऑक्टोबर २०२४ मध्ये जो करार झाला त्यानुसार किमान वेतन दरवर्षी ५० युरोंनी वाढत २०२८ मध्ये १०२० व्हायचं आहे. वेटरचे पन्नास वाढले की व्हिसाची अट दोनशेने वाढते. २०२८ मध्ये ती ४०८० होईल. नाशिककरचं बिल आज ३९०० आहे आणि लंडनच्या साहेबाने दोन वर्षांत दर वाढवलेला नाही. परवान्याच्या नूतनीकरणाला हा आकडा कसा धरतील, यावर तिचे हिशेबनीस आणि वकील यांची दोन मतं आहेत आणि दोघांचीही फी आहे. तोवर ती नदीपलीकडे घर बघते आहे. काइश दु सोद्रेहून बोटीने दहा मिनिटांत काशिल्याश, म्हणजे आल्मादा. पण तिथले दर लिस्बनच्या मागोमाग चढले, म्हणून त्याच्याही पुढे बारेइरु, जुन्या कारखान्यांचं गाव. तिथे आठशेत टी-वन दाखवला एजंटने, बोटीच्या धक्क्यापासून चालत पंधरा मिनिटं, पाइपचा गॅस आणि तिसऱ्या मजल्याला लिफ्ट.

"घेतेस का?" मी विचारलं.

"आधीचे भाडेकरू साडेपाचशेला होते, काका. खालच्या पावाच्या दुकानातल्या बाईंनी सांगितलं. त्यांची मुलगीच राहत होती तिथे." तिने मोबाइलवर घराचे फोटो पुढे सरकवले. "आता मी आठशे देणार. एजंट म्हणतो, शुक्रवारपर्यंत सांगा, एक जर्मन जोडपं पण बघून गेलंय."